शेवटचं अक्षर

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो,
असं लोक सांगतात.
राइमोला ते काचेवर तळहात ठेवून कळतं,
किंवा खालून मीठ पसरणारी गाडी खरखरत गेली की.

हेल्वे क्यूट, वोरू गाव. तक्रार अशी:
आवाज वाक्याचं शेपूट गिळतो.
नेहमी नाही. पूर्णविराम आला की.
मुलाचं पत्र आलंय ओउलूहून, सतरा वेळा ऐकलं.

त्या भाषेत सगळा जीव शेपटातच,
आपल्यासारखाच:
सिनुगा म्हणजे तुझ्यासह,
सिनुता म्हणजे तुझ्याविना.
आणि यंत्र म्हणतं, यंदाचा नाताळ सिनु
आणि पुढे काही नाही.
ध चा मा झाला असता तर निदान भांडता आलं असतं.
इथे ध नाही, मा नाही.

एकेक अक्षर वाचायला सांगितलं,
तर एकटं अक्षर म्हणजे शेवटचंच अक्षर,
तेही गिळलं.
ठिपक्यांची लिपी ती शिकली नाही, नजर गेली बासष्टाव्या वर्षी.
शेजारीण आहे. पण, ती लिहिते,
हे पत्र शेजारणीला द्यायचं नाही.

राइमोच्या यंत्रावर सगळं ठीक.
दोन संध्याकाळी ठीक.
तिसऱ्या संध्याकाळी मारेट भांडी विसळता विसळता म्हणाली,
तुझा आवाज मला मोहरी तडतडल्यासारखा ऐकू येतो,
म्हातारी माणसं असं ऐकतात का?

त्याने वेग खाली आणला.
आणखी खाली.
अकरा वर्षांत तो इतका हळू बसला नव्हता
एका वाक्यासमोर.
बटाटे. संपले. आहे
आहेत की आहे? तो पुढे वाकला.
सापडलं म्हणेपर्यंत आवाजच बंद पडला.
बसलेली फांदी कापणाऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक;
फांदी दुरुस्त करणाराही तिच्यावरच बसतो.

मग जुनी ठिपक्यांची पट्टी काढली कपाटातून.
नवव्या खणात तिसरा ठिपका मेलेला,
त्यामुळे तिथे एल आला की बी वाटतो.
बोटं नोंदींवरून सरकत राहिली, थंड, थोडी मूर्ख,
रात्री एकपर्यंत.

पिंपातला आवाज पुरता निथळायच्या आत
कुणीतरी तोटी पिरगाळतंय.
कुणी, ते ओळीशेजारी लिहिलेलं होतं:
सहा वर्षांपूर्वीची तारीख, त्याचीच आद्याक्षरं,
आणि टीप: असं केल्याने काम झटपट होतं.

तो हसला नाही. उठून पाणी प्यायला.
ओळ खोडली. दुसरी लिहिली: थांब, रिकामं होऊ दे.
दोन चाळीसला सगळ्यांना पाठवलं.

चार दिवसांनी वोरूहून एक वाक्य आलं.
आता ऐकू आलं.
त्याने ते हळू वेगात ऐकलं, तिच्या वेगात,
पूर्णविरामापर्यंत, आणि पूर्णविरामानंतरही जरा.
काय ऐकू आलं, हे विचारायचा मजकूर त्याने दोनदा लिहिला,
दोनदा पुसला.

आता रोज पहाटे तीनला
कोपऱ्यातलं यंत्र आपणहून चाचणी घेतं.
मारेटने ते स्वयंपाकघरात हलवायला लावलंय.
रिकाम्या ओट्यापाशी, कुणी नसताना,
ते सावकाश म्हणतं: सिनुगा.
श्वासाएवढं थांबतं.
सिनुता.
दोन्ही स्पष्ट.