चतकोर

दर तिमाहीला, रात्री दीडच्या सुमाराला,
नूतनच्या फोनवर अमेरिकेतून मेल यायचा.
सकाळी चहा गाळता गाळता ती सांगायची,
"आली बघा भाकरी. चतकोर त्यांनी ठेवून घेतला."

शंभराचे पंचाहत्तर.
मला ते कधीच पटलं नाही.
एकतीस वर्षं बेस्टमध्ये मीटर वाचले मी,
धारावीपासून शिवडीपर्यंत
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारून.
जेवढे युनिट जळले तेवढंच बिल.
न जळलेल्या दिव्याचे पैसे मागितले तर
माणसं मीटरच्या पेटीवर हात ठेवून भांडायची.

ती म्हणायची, "अहो, चित्राहुती समजा.
ताटाभोवती चार शितं ठेवतोच की आपण.
शिवाय इथल्या करातून वळती होतात ती,
सदुसष्ट नंबरचा फॉर्म वेळेत भरला तर."
भरायची. वेळेत. दरवर्षी.

पवईच्या कंपनीने पगारासोबत दिलेले शेअर
तिने मोडले नाहीत कधी,
गॅलरीला ग्रिल बसवायचं होतं तेव्हाही नाही.

मग ती गेली
आणि मेल येत राहिले.
दोनदा. प्रिय नूतन, म्हणून.

माटुंग्याच्या ऑफिसात पारुलबेन गडांनी
चष्मा कपाळावर सरकवला.
"काका, परक्या माणसाला तिथे
साठ हजार डॉलरपर्यंत मरता येतं.
त्याच्या वर मरणावर कर."

नूतनचे एक लाख दहा हजार झाले होते.
कुणाला न सांगता एवढी मोठी झाली होती ती.

दाखले, नोटरी, वारसाचे कागद, तिकडून एक पत्र,
चौदा महिने.
उरलं ते समोर ठेवून पारुलबेननी
पाकिटाच्या मागच्या बाजूला भांडं काढून दाखवलं:
"हा आयर्लंडचा फंड. शेअर तेच, अमेरिकेचेच.
चतकोर नाही जात, पंधरा टक्के जातात, तेही आतल्या आत.
लाभांश हातात येतच नाही,
विरजणासारखा परत त्याच भांड्यात.
आणि उद्या तुम्हाला काही झालं
तर मुलाला हा फेरा नाही."

एकही शब्द खोटा नव्हता.
मी सही केली. भांडं लागलं वाढायला,
आवाज न करता.

आवाज न करता, हेच.
तिमाही उलटली. दीड वाजून गेला.
फोन बंद घरातल्या मीटरसारखा,
चकती हलत नाही, आकडा तोच.
अशा घरासमोर आम्ही रजिस्टरात लिहायचो, 'कुलूप'.

एक शेअर मी ठेवला होता.
फक्त एक.
त्या एकासाठी त्यांचा फॉर्म भरून दिला:
मी परका आहे,
माहीमला, कापड बाजाराच्या मागे,
माझ्याच ओट्याशी उभा राहून परका,
आणि या उत्पन्नाचा खरा लाभार्थी मीच.
तीन वर्षांनी पुन्हा भरायचा म्हणे,
परकेपणालाही मुदत असते.

पारुलबेनना शेवटी सांगावंच लागलं.
त्या कॅल्क्युलेटरकडे बघत राहिल्या, काही न दाबता.
"एका शेअरसाठी परदेशी मालमत्तेचा तक्ता?
पुन्हा सदुसष्ट नंबर?
विसरलात तर दंड लाखांत.
लाभांशापेक्षा माझी फी जास्त होईल, काका."
म्हटलं, घ्या फी.

काल रात्री आला.
बावन्न सेंट. त्यातले तेरा त्यांचे.
एकोणचाळीस.

सकाळी गाळणं हातात घेऊन
मी मोठ्याने म्हणालो, "आली बघ भाकरी."
चतकोराचं सांगणार
तेवढ्यात शेजारच्या शेगडीवरचं दूध उतू गेलं.