सहा सत्तावीस

कॅलेंडरात आजच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलंय,
सूर्यास्त सहा सत्तावीस.
आमच्या घरात तारखेपेक्षा हाच आकडा मोठा.
त्यानंतर आक्का पाणीही घेत नाहीत.

पाचला मार्केट यार्डातून सुटले.
दिवसभर हळकुंडं निवडली, गड्डा वेगळा, कणी वेगळी.
हात धुतले तर साबण पिवळा झाला,
हात होते तसेच.
पिशवीत भाजलेले हुलगे, पतसंस्थेत भरायचं लाइटबिल,
आणि चिठ्ठीवर एकच शब्द: कवळी.

मंगळवारी मोरीत पडून तिचे दोन तुकडे झाले,
तेव्हापासून भाकरी बंद.
कुस्करून देते म्हटलं तर म्हणाल्या,
"मी काय चिमणी हाय?"
आज सकाळी मात्र आपणहून,
"माडगं कर. पातळ."
हुकूमच तो, पण जरा लाडात आलेला.

पतसंस्थेत माझ्या पुढं सात माणसं.
काचेमागची पोरगी विचारते,
"देवगोंडा आप्पाण्णा मगदूम?"
मी म्हणते, हो.
मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली,
मीटर अजून त्यांच्याच नावावर पळतंय.
नाव बदलायला अर्ज, अर्जाला दाखला,
दाखल्याला एक अख्खा दिवस,
आणि अख्खा दिवस असतो कुणाकडं?

दवाखान्यात कंपाउंडरनं कवळी दिली
कापसात गुंडाळून, मलमाच्या रिकाम्या डबीत.
"दोन दिवस घट्ट लागंल."
विश्रामबागेपासून गावभागापर्यंत
स्कूटीच्या डिकीत डबी खडखडत राहिली.
प्रत्येक खड्ड्याला वाटायचं
आक्का मागून काहीतरी सुनावतायत.

गिरणीत हणमंतानं मान हलवली.
"आधी गहू संपू दे वहिनी, पिठात पीठ जाईल."
म्हटलं, जाऊ दे.
"आक्का ओळखतात," तो म्हणाला.
खरंच ओळखतात. थांबले.
सहाला पाच कमी.

घरी पातेल्यात पाणी, जिरं, गुळाचा खडा, सुंठ.
पीठ गार पाण्यात कालवलं,
सोडणार तेवढ्यात गॅस संपला.
नवा सिलिंडर जिन्याखाली, त्यावर रद्दी,
रद्दीवर ह्यांचे कुपवाडला जायचे जुने बूट.
सगळं उपसून, ओढून, लावून
ज्योत पेटली तेव्हा
समोरच्या टाकीआड सूर्य गेला होता.
मी हात थांबवला नाही,
तरी चार गाठी झाल्याच.
तीन चमच्याच्या पाठीनं मोडल्या.

वाटीत ओतलं तेव्हा घड्याळात सहा एक्केचाळीस.
आक्का घड्याळ बघत नाहीत. त्यांचा हिशोब जुना:
दिव्याशिवाय तळहाताच्या रेषा दिसतात
तोवर दिवस.
पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
उजवा त्याच वाटेवर.
भर दुपारी त्यांना हात म्हणजे नुसता हात.

परसदारी पाटावर बसून त्यांनी विचारलं,
"बघ की त्रिशला, दिसतायत का गं रेषा?"
कुणाच्या, ते म्हणाल्या नाहीत.

मी माझा तळवा उघडला.
आयुष्याची, डोक्याची,
आणि ती तिसरी, जिचं नाव मला येत नाही,
सगळ्यांत हळद बसलेली.
अंगण विझत चाललेलं
आणि हातात पिवळे धागे, एकेक मोजावा असे.
"दिसतायत," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले,
वाटी दोन्ही हातांनी धरली, फुंकर मारली.
डबी ओट्यावर तशीच.
शेवटच्या घोटाला ती चौथी गाठ आली असावी,
हिरड्यांनी सावकाश चेपत राहिल्या.

"गहू लागतोय जरा," म्हणाल्या.
मग वाटी खाली ठेवून, तोंड पुसून,
"लाव आता लाइट.
बिल भरलंयस नव्हं?"