दोन दारांचा खोका

दिवसभर मी मालाडच्या लॅबमध्ये कवळ्या घासतो,
मेणात दात रोवतो, रंग जुळवतो,
कुणाच्या हसण्याला पिवळट झाक, कुणाच्या राखाडी.
आणि चारकोपला घरी येतो
तर जायफळच्या तोंडात दाढा वाढलेल्या.

वाढतच राहतात, डॉक्टर वेसुना म्हणाल्या, जन्मभर.
गवत चावलं तर झिजतात.
ती चावत नाही.
दोन्हीकडून वाकून जिभेवर कमान झालीय त्यांची.
भूल दिली, घासल्या.
मी बाहेर बाकावर बसून
नुसत्या आवाजावरून यंत्राचा वेग ओळखत होतो.

मग त्यांनी विचारलं, आधी काय?
आधी दाढा, की आधी उपास?
मी म्हटलं, खसखस गेली. पंधरवडा झाला.
मे महिना, दुपारी वीज गेलेली,
बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायला
घरी कुणीच...
होतं.
मुकुंद होता. आतल्या खोलीत, दार लावून.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं
की उन्हानं एवढंसं जनावर मरतं.
मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आम्हा भावांत
फक्त गॅस सिलेंडर आणि दुधाचं बिल बोलतं.

रोज सकाळी पिठाच्या काट्यावर जायफळ:
नऊशे दहा. आठशे साठ. आठशे पाच.
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी आकडे लिहितो.
लेंड्या मोजतो. मोजण्यासारखं फार नसतं.
गवताचं पीठ कोमट पाण्यात कालवून
सुई काढलेल्या सिरिंजनं, दर तीन तासांनी,
गालाच्या बाजूनं, थोडं थोडं, ठसका लागू न देता.
एक हात पाठीला, एक हनुवटीला,
एक सिरिंजला.
मला दोनच.

रात्री तीनला ती निसटली, पीठ माझ्या बनियनवर.
आतलं दार उघडलं.
मुकुंदनं काही न विचारता टॉवेल घेतला,
तिला त्यात गुंडाळलं, भाकरीसारखं, कडा दुमडून.
"घट्ट नको," मी म्हटलं.
"माहितीये," तो म्हणाला.
कुठून माहितीये, ते मी विचारलं नाही.
सहाला तोच उठला आधी.

औषधानं पोट चालेल, वेसुना म्हणाल्या,
पण हिला बोलायला कोण आहे?
तुम्ही शिट्टी वाजवता ते तिच्या भाषेत काहीच नाही.

म्हणून ऑर्लेमच्या फिलोमिना मस्करेन्हस
बटण नावाची एक घेऊन आल्या, बिस्किटाच्या डब्याएवढी,
कपाळावर भोवरा.
दोन आठवडे वेगळी ठेवा, खोकला-बिकला निघाला तर.
मग अशा जागी भेटवा, जी दोघींचीही नाही.

आमच्या घरात तशी जागा म्हणजे बाथरूम.
फरशी घासली, कोरडी केली, गवत पसरलं.
फिलोमिना बाईंनी बजावून सांगितलं होतं:
लपायला खोका ठेवा, पण दोन दारांचा.
एकच दार असलं की एक कोंडते
आणि भांडण तिथंच होतं.
मुकुंदनं बुटांच्या खोक्याला सुरीनं दुसरं दार कापलं.
वाकडं कापलं. चालतंय.

जायफळनं दात वाजवले.
बटण घशात मोटार चालू करून तिच्याभोवती फिरली.
आम्ही दोघं उंबऱ्यावर, टॉवेल तयार,
गुडघ्याला गुडघा लागत होता, जागाच तेवढी.
"तोडायच्या का?"
"थांब."
पाऊण तास.
मग बटण तिच्या गवताच्या काडीचं दुसरं टोक
चावायला लागली,
आणि जायफळनं काडी सोडली नाही,
पण चावली.

आज लॅबला जायची घाई, वजन राहिलं.
संध्याकाळी कॅलेंडर पाहिलं तर लिहिलेलं:
आठशे बावन्न.
अक्षर माझं नव्हे.
त्याखाली बारीक:
ढोबळी मिरची संपली. लाल आण, तिच्यात क जास्त.
आवळ्याला दोघी तोंड लावत नाहीत.