दहा हजारांच्या वर

हिल्लारने पुन्हा एक पार्सल फोडलंय.
आत दोन ट्वीटर, मुठीत मावतील एवढे,
पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्टी.
तिच्यावर म्हणे फुंकरही मारायची नाही.
मी फडकं खाली ठेवते.

विल्यांडीतलं आमचं घर तळ्याच्या उतारावर.
बर्चच्या पेट्यांतले स्पीकर त्याने स्वतः केले
लेक झाली त्या हिवाळ्यात.
एकेका पेटीत एकच कागदी शंकू, आठ इंची.
"एकाच तोंडून सगळं यावं," म्हणायचा,
"ढोल काय, सुई काय."
आणि यायचं.
झांजांनी लोकरी मोजे घातल्यासारखं वाटायचं जरा,
पण तक्रार कुणाची नव्हती.

आता म्हणतो, वरचं कमी पडतंय.
कुठे गेलं ते दोघांनाही ठाऊक आहे.
लाकडाच्या गिरणीत अडतीस वर्षं
गोल करवतीच्या शेजारी उभा होता,
कानात कापूस, तोही पाहुणे साहेब आले की.
तार्तूच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला :
रेघ नीट चालत येते चार हजारांपर्यंत,
मग बर्फ फुटून पाय आत जावा तशी
खाली.
हिल्लारने कागदाची घडी खिशात घातली.
बसमध्ये म्हणाला, कपॅसिटर बदलून बघू.

शून्य पूर्णांक अडुसष्ट मायक्रोफॅरड.
"हा नाक्यावरचा शिपाई," मला समजावतो,
"जाडजूड सुरांना माघारी धाडतो,
बारीक तेवढे सोडतो."
आठवड्याने शिपायाची बदली होते.
मग तांब्याची कॉइल, मग रेझिस्टर,
मग अख्खा क्रॉसओव्हर,
माझ्या पाव कापायच्या फळीवर स्क्रूने बसवलेला.
म्हणजे घरात वाटणी झाली शेवटी :
दहा हजारांच्या वरचं धाकट्याचं,
खालचं थोरल्याचं.
पाव मी ताटलीत कापते.

रोज जेवणानंतर तीच परीक्षा.
"आता?"
"हो."
तारा उलटसुलट करतो. ट्वीटर बोटभर मागे सारतो.
"आणि आता?"
"हो, जास्त बरं."
"बरं म्हणजे काय, मैमू?"
मी शोधते. "झांजेवर... दव पडल्यासारखं."
असं काही मला बोलता येतं हे मलाच नवीन.
तो वहीत लिहितो : मैमू – दव.

अंगणातल्या स्प्रूसवर एक पक्षी येतो,
अंगठ्याएवढा, गाणं केसाहून बारीक.
हिल्लारला तो कधीपासून मुका आहे.
दुर्बिणीतून तो चोच बघायचा,
मी खिडकीशी उभी राहून सांगायची :
सुरू केलं. थांबला. पुन्हा.

काल धूळ पुसायला पेटी पुढे ओढली.
डाव्या ट्वीटरची तार सुटलेली.
उजव्याचीही.
सुटलेली नव्हे, सोडवलेली,
टोकांना काळी टेप, गिरणीत गुंडाळायचे तशी, तीन वेढे.
टेपवर धुळीचा थर.
वही उघडली.
जानेवारी : मैमू – दव.
फेब्रुवारी : मैमू – आणखी दव.
मार्च : मैमू – धुतलेली काच.
प्रत्येकाखाली त्याच्या बारक्या अक्षरात : मी – हो.
तारखा मोजल्या नाहीत.
पेटी होती तिथे सरकवली.

रात्री त्याने रेकॉर्ड लावली,
हातपाय पुसून खुर्चीत बसला.
"आता?"
मी हो म्हणाले नाही.
"तो पक्षी यंदा आला नाही वाटतं," मी म्हटलं.
हिल्लारने चष्मा कपाळावर सरकवला.
काळ्या खिडकीकडे बघत राहिला बराच वेळ.
"आलाय," म्हणाला.
"तीन आठवडे झाले. सकाळी चोच हलत असते."

वही टेबलावर होती. पेन टोपणात.
रेकॉर्ड संपली, सुई आतल्या कडेला
फिरत राहिली, धप्प, धप्प,
जाड्या, खालच्या आवाजात.
दोघांनी ऐकलं.
कुणी उठलं नाही.