तांबी

मूसाखेडीच्या अंगणवाडीत, मंगळवारी,
लशींचा डबा उघडायच्या आधी मी वही उघडते.
नाव: रामकुंवर. वय तिला ठाऊक नाही.
सासू म्हणते, लिहा पंचवीस. मी लिहिते.
खेपा?
पाच.
हयात?
दोन.
या दोन रकान्यांच्या मधे एक छापील उभी रेघ आहे,
तीन जणं तिथे राहतात.

त्यांची नावं ठेवलीच नव्हती, ती म्हणते.
मग, जरा थांबून:
एकीचं ठेवलं होतं.

बोटाला सुई टोचून थेंब कागदावर घेते,
शेजारी धरते सहा लालांची पट्टी.
शेवटचा लाल ओल्या कुंकवासारखा,
पहिला, फार वेळा धुतलेल्या परकरासारखा.
हिचा थेंब त्या परकराला लागून.

आमच्या भाषेत म्हणतात, कूस उजवली.
म्हणतात, सुटली, मोकळी झाली बाई.
मोकळी!
सव्वा महिना संपायच्या आत
डोक्यावर विटांचं घमेलं.

सासू पोह्यांच्या ठेल्यावर गेली तेव्हा
ती खाली बघत विचारते,
ते तांब्याचं बसवतात, ते दुखतं का?
घरी कळेल का?
मराठीत आम्ही त्याला तांबी म्हणतो.
करंगळीएवढी. पाणी मावत नाही तिच्यात,
पण दहा वर्षं मावतात.
मी म्हणते, आधी रक्त भरू दे.
या लोहाच्या गोळ्या, चहाबरोबर नको.
मग ये. एकटी आलीस तरी चालेल.

महिनाअखेर ही वही भोपाळला जाते,
तिथून दिल्ली, तिथून म्हणे समुद्रापार,
देश किती पुढे गेला ते मोजणाऱ्यांकडे.
त्यांच्या तक्त्यात रामकुंवर
दशांशचिन्हाच्या उजवीकडे असेल कुठेतरी,
फुंकर मारली तर उडेल इतकी.
म्हणून मी आकडे दाबून लिहिते,
मागच्या पानावर उमटतात.

जाताना दारात वळते,
पट्टीकडे बोट दाखवून विचारते,
‘ने तमारो, दीदी?’

माझा?
एकोणीस वर्षं दुसऱ्यांची बोटं धरली.
सकाळी जिना चढताना दम लागतो,
तो मी राजवाड्याच्या गर्दीवर ढकलते,
पाळी महिन्यातून दोनदा येते,
ती वयावर.

लशींच्या डब्याचं झाकण पत्र्याचं आहे, चकचकीत.
सगळ्या गेल्यावर त्यात वाकून
डोळ्याची खालची पापणी ओढून बघते.

उजेड कमी आहे.
खिडकीशी जाते.