पट्टा सोडून

हीउमा बेटावरून हापसालूला जायला
समुद्र नीट गोठला तर बोट लागत नाही.
सव्वीस किलोमीटर नुसता बर्फ.
सुरुवातीलाच पाटी: पट्टा सोडा.
गाडी खाली गेलीच
तर दार उघडून निघता यायला हवं.

विल्वे शाळेत स्वयंपाक करते,
एकशे वीस पोरांची बार्लीची पेज.
दर गुरुवारी ती पाटीपाशी थांबते, पट्टा सोडते,
आणि एक वाक्य तिच्याबरोबर निघतं:
तू फोन घाईत ठेवलास.

तार्मोचा, भावाचा, शेवटचा फोन.
हेरिंग मुरवायला मीठ किती, एवढंच विचारत होता.
दूध उतू जातंय, ती म्हणाली, नंतर बोलू.
नंतर नव्हतं.

तीन वर्षं भांडली ती त्या वाक्याशी.
रेडिओ मोठा केला.
लाकडं फोडली, दोन हिवाळे पुरून उरतील इतकी.
वाक्य खरं होतं, हाच घोळ.
खोटं असतं तर हाकलता आलं असतं.

समुपदेशक एनेली तिच्या लेकीच्या वयाची,
स्वेटरच्या कोपराला भोक.
तुमची चूक नव्हती, असं ती म्हणालीच नाही.
विचारलं, हे वाक्य अंगात कुठे बसतं?
विल्वे चिडली.
तासाचे पंचेचाळीस युरो, आणि हा प्रश्न!
मग म्हणाली, डाव्या बरगडीखाली.
केवढं?
बटाट्याएवढं. थंडीने मारलेला असतो ना,
काळा, पाणी सुटलेला, तसं.
त्याला तिथे राहू दिलं तर?
दुखेल.
आणि आत्ता?

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलवरचा बर्फ झटकत होतं.
झटकून होईपर्यंत विल्वे बघत राहिली.
आत्ताही दुखतंच, म्हणाली.

घरचा अभ्यास अगदी साधा:
वाक्याच्या आधी चार शब्द जोडायचे.
मला असा विचार येतोय,
की मी फोन घाईत ठेवला.
आपल्याला यात नवल नाही.
मराठीत विचार येतातच,
अवेळी, चपला न काढता.
तिच्या भाषेत भीती माणसावर असते म्हणतात.
शालीसारखी की मोळीसारखी, मला ठाऊक नाही.

पहिला महिना काही झालं नाही.
चार शब्द पुटपुटताना पेज करपली.
एका गुरुवारी ती गेलीच नाही.

बर्फावरचा दुसरा नियम वेगाचा:
पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर.
मधल्या वेगाने बर्फाखाली लाट उठते
आणि पुढचा बर्फ फोडते.
हा नियम तिला लहानपणापासून पाठ.
त्या फेब्रुवारीत, गाडीत एकटी असताना,
तो तिला पहिल्यांदा ऐकू आला:
धड पळणं नाही, धड थांबणं नाही,
तीन वर्षं नेमका मधला वेग.
तिने काटा बावीसवर आणला.
खालून बर्फ कण्हला, लांबवर, दार कुरकुरावं तसा.
वडील म्हणायचे, या आवाजाला जो घाबरतो
त्याने खुशाल जावं.
ज्याला तो ऐकूच येत नाही त्याने जाऊ नये.

मार्चमध्ये, रस्ता बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात,
एनेलीकडून निघाल्यावर ती किनाऱ्याकडे वळली नाही.
चर्चमागची गल्ली. तिसरं घर.
अंत्यविधीनंतर इथे ती आली नव्हती.
बटाटा बरगडीखालीच होता, आज जरा मोठाच.
त्याच्यासकट तिने बेल वाजवली.

दार किर्केने उघडलं.
अकरा वर्षांची, भुवया थेट तार्मोच्या.
आत्या, बाबा शेवटी तुझ्याशी काय बोलला?

मीठ किती घालू विचारलं.
मी फोन घाईत ठेवला.

पोरगी उंबऱ्यात तशीच उभी.
थंडी आत शिरत होती.
मग म्हणाली, किती घालायचं असतं?

विल्वेने कोट काढला.
मासे आहेत का घरात?