प्रकरणाशी संबंध नाही

सेटवर मला खुर्ची दिलीय. पाठीवर लिहिलंय : सल्लागार.
नाव नाही, ते बरंच आहे.
अँटवर्पच्या गोदीतली एक खरी शेड भाड्याने घेऊन
आत त्यांनी खोटी शेड उभारलीय,
कारण खरी म्हणे पडद्यावर खोटी वाटते.

योप्पे, हिरो, सत्तावीस वर्षांचा, येऊन विचारतो :
पहिल्यांदा माल चाखायला लावला
तेव्हा तुमचे हात थरथरले का?
कुणी चाखत नाही रे बाबा.
बोटावर पावडर घेऊन जिभेला लावणारा पोलीस
मी फक्त तुमच्याकडेच पाहिलाय.
आम्ही थांबायचो.
ग्वायाकिलहून केळ्यांचा कंटेनर निघायचा,
एकोणीस दिवसांनी यायचा, कधी यायचाच नाही.
व्हॅनमध्ये थांबायचो, बारमध्ये थांबायचो,
पेट्रोलच्या पावत्या जपायचो.
खर्चाच्या अर्जावर खोटं नाव चालत नाही
आणि खऱ्या नावाची पावती नसते,
यावर चार महिने पत्रव्यवहार झाला.
योप्पे हसतो. हे वहीत लिहून घेत नाही.

ऑक्टाफबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही.
म्हणजे सगळं सांगितलंय, दोनशे चाळीस पानं,
तारीखवार.

त्याच्याकडे शर्यतीची कबुतरं होती.
शनिवारी ट्रकने फ्रान्सला जायची,
रविवारी तिथून सोडायचे,
आणि आम्ही दोघं त्याच्या परसात
मान वर करून उभे. कॉफी गार. बोलणं नाही.
ढगातून एक ठिपका सुटायचा
आणि हा, बंदरातले तीन मुकादम खिशात घातलेला माणूस,
डब्यातले दाणे खुळखुळवत
रांगत्या पोराला बोलवावं तसा बोलवायचा :
ये, ये, ये.

एका निळ्या पिल्लाला त्याने माझं नाव दिलं. रुडी.
अरे, मादी आहे ती, मी म्हटलं.
तो म्हणाला, तुझं तरी काय खरं आहे.
माझ्या घशाला कोरड पडली.
तो पिल्लाच्या पायातली कडी तपासत होता, एवढंच.

अहवालात मी लिहिलं : कबुतरं, चौतीस.
वरून शेरा आला : प्रकरणाशी संबंध नाही.

धाडीच्या वेळी मी नव्हतो.
(सिनेमात आहे. पाऊस आहे, पिस्तूल आहे,
योप्पेच्या गालावर सुबक जखम आहे.)
मला ओस्टेंडच्या एका हॉटेलात ठेवलं होतं,
टीव्हीवर सायकल शर्यत, मागच्या वर्षीची.
कोण जिंकणार ते ठाऊक असूनही
शेवटपर्यंत पाहिली.

कोर्टात मी पडद्याआड. आवाज यंत्रातून,
विहिरीत पडलेला माणूस बोलावा तसा.
तीन दिवस ऑक्टाफने तोंड उघडलं नाही.
चौथ्या दिवशी मला खोकला आला.
आवाज बदलणारं यंत्र खोकल्याला काही करू शकत नाही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.
निळीला मका घालू नकोस, तो म्हणाला,
तिला पचत नाही.
न्यायाधीशांनी ते कामकाजातून काढून टाकलं.

पाखरं सरकारने लिलावात विकली.
बरीचशी शांघायला गेली, काही लीएजला.
पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी
मी गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत गेलो.
जायचं नसतं. गेलो.
खुराड्यावर सील, सीलवर शेवाळ,
आणि छपराच्या कडेला ती बसलेली,
पायात दुसऱ्याच मालकाची कडी.

माझ्याकडे दाणे नव्हते.
गाडीच्या किल्ल्या खुळखुळवल्या.
तिने मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिलं,
मग दुसऱ्या.
खाली आली नाही.

आज सेटवर पिंजऱ्यातून बारा कबुतरं आणलीत. पांढरी.
शर्यतीची अशी नसतात, मी म्हणालो.
दिग्दर्शिका म्हणाली, अंधारात पांढरी उठून दिसतात.
बरोबर आहे तिचं.

दिवे लागतात. योप्पे लांबून ओरडतो :
या शॉटला हात कुठे ठेवू?

खिशात, मी म्हणतो.
किल्ल्या काढून ठेव आधी.